चौसष्ट संगणक आणि तीन याद्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला मुख्य कार्यालय आणि साखळी, डिचोलीला शाखा असलेली पतसंस्था. कागदावर ६४ संगणक. विंडोज १०ची मुदत संपली म्हणून विक्रेत्याने सगळेच्या सगळे बदलायचं कोटेशन दिलंय. संचालक मंडळाने ते तुमच्याकडे सरकवलंय, कारण लेखा विभागात 'संगणकातलं कळतं' असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्या तुम्ही एकट्याच. खरोखर किती बदलायला हवेत, हे प्रत्येक डबा न उघडता कसं ठरवायचं?

बरंचसं खुर्चीत बसून कळतं. उरलेल्यासाठी उठून फिरावं लागतं, आणि त्याला पर्याय नाही. म्हापशातून मी गेली बावीस वर्षं हेच काम करतो, त्यावरून सांगतो.

आधी कोटेशन बाजूला ठेवा. विक्रेत्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्याच्या हातात यादी नसते, म्हणून तो सरसकट भाव देतो. यादी तुमच्या हातात असली की तोच माणूस वेगळं कोटेशन देतो. दोन आठवडे मागून घ्या. तेवढ्यात होतं.

यादी एक नव्हे, तीन करायच्या. पहिली जडवस्तू नोंदवहीवरून, म्हणजे आपलं डेडस्टॉक रजिस्टर. दुसरी नेटवर्क सांगेल ती. तिसरी स्वतः फिरून, डोळ्यांनी बघून केलेली. तिन्ही स्वतंत्रपणे करा, एकीवरून दुसरी उतरवू नका. मग शेजारी शेजारी ठेवा. त्या जुळणार नाहीत. मला आजवर एकाही ठिकाणी जुळलेल्या दिसल्या नाहीत. आणि तुमच्या मंडळाला जे उत्तर हवंय ते बहुतेक करून या न जुळणाऱ्या ओळींतच असतं.

उदाहरण देतो. एका संस्थेत नोंदवहीत ४१ संगणक होते, नेटवर्कवर ३४ दिसले, फिरून मोजले तर ३८ भरले. नेटवर्कवर न दिसलेल्या चारांपैकी एकाचं लॅन पोर्ट विजेने जळलेलं होतं आणि तो नुसता पत्रं टाइप करायला वापरात होता. एक कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगला जोडलेला. दोन माळ्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. नोंदवहीतले तीन कुठेच नव्हते. त्यातला एक पुढे एका माजी पदाधिकाऱ्याच्या घरी निघाला, इतर दोघांचा मागमूस नाही. पण वार्षिक देखभालीचे, एएमसीचे पैसे मात्र ४१ संगणकांचे जात होते. वर्षानुवर्षं. ते आकडे मंडळापुढे ठेवले त्या दिवशी माझं काम निम्मं सोपं झालं.

आता नेटवर्ककडे. एनमॅपसारखं स्कॅनर फुकट मिळतं. ते चालवलं की कोणकोणत्या आयपी पत्त्यावर काहीतरी जिवंत आहे ते दिसतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. एकाच शाखेच्या नेटवर्कमध्ये स्कॅन केलं तर ते एआरपीने विचारतं, 'हा पत्ता कोणाचा?' याला विंडोजची फायरवॉलही अडवत नाही, त्यामुळे सगळे सापडतात. पण फोंड्यात बसून साखळीचं नेटवर्क स्कॅन केलंत तर मध्ये राउटर येतो. एआरपी राउटरच्या पलीकडे जात नाही. मग स्कॅनर पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारण्यावर येतो, आणि पिंगला पुष्कळ संगणक उत्तरच देत नाहीत. तुम्हाला वाटतं साखळीत सातच यंत्रं आहेत, असतात चौदा. म्हणून प्रत्येक शाखेत जाऊन, तिथल्याच एका संगणकावरून स्कॅन करा. वेळ सकाळी साडेदहा-अकराची धरा, सगळे चालू असतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करा. आदल्या दिवशी कोणी रजेवर असेल तर त्याचा संगणक बंद असतो.

स्कॅनमध्ये मॅक पत्ताही मिळतो, म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेला क्रमांक. त्याचे पहिले सहा अंक-अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, त्यावरून प्रिंटर, राउटर, कॅमेरे वेगळे काढता येतात. दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर बहुधा कोणाचा तरी मोबाइल आहे, कारण हल्लीचे फोन खरा पत्ता लपवून बनावट देतात. कार्यालयाच्या वायफायवर असे किती फोन आहेत हे बघून तुम्हाला धक्का बसेल, पण तो आजचा विषय नाही.

पत्ते मिळाले म्हणजे पोटातलं कळलं असं नाही. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क कसली हे त्या संगणकालाच विचारायला हवं. मोठ्या कंपनीत डोमेन सर्व्हर असतो, तिथे एका जागेवरून सगळ्यांना विचारता येतं. तुमच्याकडे वर्कग्रुप, म्हणजे असा सर्व्हर नसलेले सुटे संगणक, असणार असं धरून चालतो. वर्कग्रुपमध्ये दुरून विचारायला गेलात तर योग्य पासवर्ड देऊनही 'परवानगी नाही' येतं. ती तुमची चूक नसते. स्थानिक अॅडमिन खात्याला नेटवर्कवरून पूर्ण अधिकार द्यायचे नाहीत असं विंडोजनेच ठरवलेलं आहे. ते उघडण्याचे उपाय आहेत, पण सभासदांचे पैसे सांभाळणाऱ्या संस्थेत एका यादीसाठी ६४ दारं किलकिली करून ठेवणं मला पटत नाही.

त्याऐवजी दोन मार्ग. एक, जीएलपीआय किंवा ओसीएस इन्व्हेंटरी. ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. प्रत्येक संगणकावर छोटा एजंट बसवायचा. तो स्वतःहून सर्व्हरला माहिती पाठवतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये काही उघडावं लागत नाही. यादी कायम ताजी ठेवायची असेल तर हे उत्तम. दुसरा मार्ग विंडोजमधल्या पॉवरशेलची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची छोटी फाइल. शाखेतल्या एका संगणकावर सामायिक फोल्डर करायचा, प्रत्येक यंत्रावर जाऊन स्क्रिप्ट अॅडमिन म्हणून चालवायची, ती आपली माहिती त्या फोल्डरात टाकते. एका यंत्राला दोन मिनिटं लागतात. ६४ यंत्रांसाठी, आणि तेही एकदाच करायचं असेल तर, मी स्क्रिप्टच वापरीन. सर्व्हर उभारण्यात जितका वेळ जाईल तितक्यात दोन शाखा होतात. पेनड्राइव्ह घेऊन मात्र फिरू नका. एका संगणकातला व्हायरस ६४ ठिकाणी पोचवण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

स्क्रिप्ट लिहिताना 'गेट-सिम-इन्स्टन्स' ही आज्ञा वापरा. जुन्या लेखांत 'डब्ल्यूएमआयसी' सापडेल. ती आज्ञा आता निवृत्त आहे, विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ती आयती बसवलेलीही नसते. काय काय गोळा करायचं: संगणकाचं नाव, अनुक्रमांक, मॉडेल, प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅमची प्रत्येक पट्टी वेगळी आणि एकूण खाचा किती, डिस्कचा प्रकार व आकार, विंडोजचा बिल्ड क्रमांक, ३२ बिट की ६४ बिट, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आहे का आणि कितवी आवृत्ती, बूट यूईएफआय या नव्या पद्धतीने होतं की जुन्या, मॅक पत्ता. प्रत्येक यंत्राची फाइल वेगळी ठेवा आणि फाइलच्या नावात मॅक पत्ता घाला. नुसतं संगणकाचं नाव घातलंत तर काय होतं? एका संगणकाची प्रत काढून दहा ठिकाणी टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. दहांचं नाव एकच निघतं आणि शेवटचा आधीच्या नऊंना पुसून टाकतो. मी हे स्वतः केलंय, आणि मग पुन्हा दहांकडे फिरलोय.

हाती आलेल्या माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. असेंबल्ड संगणकांच्या अनुक्रमांकाच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' किंवा 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असं येतं. याचा अर्थ मदरबोर्ड बनवणाऱ्याने ती जागा पुढच्या माणसासाठी रिकामी सोडली आणि पुढच्या माणसाने भरली नाही. असे वीस संगणक असतील तर वीसही ओळींत तेच वाक्य येईल. त्यांना तुमचाच क्रमांक द्यावा लागेल. रॅमच्या खाचांचा आकडाही मदरबोर्ड कधी कधी खोटा सांगतो: दोन खाचा सांगतो, एकीवर रॅम कायमची डकवलेली असते. लॅपटॉपात हे हटकून. आणखी एक गंमत म्हणजे रजिस्ट्रीतलं (विंडोज आपल्या सेटिंग जिथे ठेवतं तिथलं) 'प्रॉडक्ट नेम' वाचलंत तर विंडोज ११ असलेला संगणकही स्वतःला विंडोज १० म्हणवतो. बिल्ड क्रमांक बघा. २२००० किंवा त्याच्या पुढचा असेल तर तो ११.

आता मुख्य मुद्दा, प्रोसेसर. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, ती बहुतेकांकडे असते. अडतं ते टीपीएम २.०, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) आणि मान्य प्रोसेसरांची यादी यांवर. इंटेलच्या बाबतीत मोटामोटी आठव्या पिढीपासून पुढे. 'आमचे सगळे आय-फाइव्ह आहेत' याला काही अर्थ नाही. आय-फाइव्ह ३४७० तिसऱ्या पिढीचा आहे, आय-फाइव्ह ८४०० आठव्या. चार आकडी क्रमांकाचा पहिला आकडा पिढी सांगतो. पाच आकडी असेल तर पहिले दोन, म्हणजे १०१०० दहाव्या पिढीचा.

यात एक विनोद दडलाय. व्यवस्थापकांच्या केबिनमधला आय-सेव्हन ७७०० सातव्या पिढीचा, म्हणून तो बसत नाही. आणि काउंटरवरचा स्वस्तातला पेंटियम गोल्ड जी५४०० आठव्या पिढीच्या घराण्यातला, तो बसतो. वेगात पहिला दुसऱ्याला सहज मागे टाकेल. हे साहेबांना समजावण्याचं काम तुमच्या वाट्याला येणार, मनाची तयारी ठेवा.

ज्यांचा प्रोसेसर चालतो पण टीपीएम 'नाही' असं आलंय, त्यांना बादयादीत टाकू नका. बहुतेकदा ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा. जुन्या पद्धतीने बूट होणारी डिस्क 'एमबीआर-टू-जीपीटी' या विंडोजमधल्याच साधनाने फॉरमॅट न मारता बदलता येते. आधी बॅकअप घ्या, आणि डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा. विक्रेत्याच्या कोटेशनमधले कित्येक संगणक अशा दहा मिनिटांच्या कामाने वाचतात.

'रजिस्ट्रीत दोन ओळी बदलल्या की कुठल्याही यंत्रावर विंडोज ११ चढतं' असं सांगणारा पुतण्या प्रत्येक संस्थेत एक असतो. चढतं, खरं आहे. पण अशा यंत्रांना अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच करतोय. घरी करा, संस्थेत नको.

आता जे कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही त्याबद्दल सांगतो, कारण माझ्या मते तुमचा खरा धोका तिथे आहे. तुमच्या संस्थेत फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेला जुना प्रोग्राम आहे का? काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाणाच्या कळांनी चालणारा. नव्या प्रणालीवर येण्याआधीचे सभासदांचे हिशेब, जुन्या कर्जांचे उतारे त्यात असतात आणि महिन्यातून एकदा कोणीतरी ते उघडतं. असा डॉसचा प्रोग्राम फक्त ३२ बिट विंडोजवर थेट चालतो. विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणजे अपग्रेड झालं त्या दिवशी तो प्रोग्राम गेला, आणि कळतं कधी, तर लेखापरीक्षक जुना खातेउतारा मागतो तेव्हा. यादीत '३२ बिट' लिहिलेली जी दोन-तीन यंत्रं निघतील तिथे स्वतः जा आणि वापरणाऱ्याला विचारा, 'हा संगणक असाच का ठेवलाय?' कारण असतंच. तसं निघालं तर एकतर तो प्रोग्राम डॉसबॉक्ससारख्या साधनात बसवून आधी चालवून बघा, नाहीतर ते एक यंत्र नेटवर्कपासून तोडून तसंच ठेवा.

तीच गत डोंगलची, म्हणजे सॉफ्टवेअर चालावं म्हणून पोर्टात खोचायच्या तुकड्याची. जुन्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरला, काही हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मागे कुलूप लावावं लागायचं. ते संगणकाच्या पाठीमागे धूळ खात असतं, आणि डबा बदलणारा मुलगा जुन्या डब्यासोबत ते भंगारात घालतो. पॅरलल पोर्टवर चालणारे डॉट मॅट्रिक्स, पासबुक छापणारे प्रिंटर यांचंही बघा. नव्या डब्यांना ते पोर्ट सहसा नसतं. यूएसबीचा कन्व्हर्टर मिळतो, पण डॉसच्या प्रोग्रामशी त्याचं जमेलच असं नाही. एक विकत आणून खऱ्या पासबुकावर ओळ छापून बघा, मग बाकीचे घ्या.

फिरायला शनिवारी काउंटर बंद झाल्यावर निघा. भाजीपाव खाऊन घ्या, वेळ लागतो. सोबत टॉर्च, रंगाचा जुना ब्रश, मोबाइल आणि नोंदवहीची प्रत. प्रत्येक डब्याच्या पाठीमागचा फोटो काढा, कुठे काय जोडलंय ते त्यात येतं. तुमच्या क्रमांकाचं लेबल चिकटवा, पण बाजूच्या पत्र्यावर नको. दुरुस्तीला चार डबे एकदम उघडले की पत्रे अदलाबदल होतात. मागच्या चौकटीवर लावा. कागदी लेबल आपल्या पावसाळ्यात जुलैपर्यंत सोलून निघतं, प्लास्टिकचं घ्या.

डिचोली-साखळीच्या बाजूला खनिजाची तांबडी धूळ असते, ती पंख्यात आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये जाऊन बसते. वर दमट हवा. 'स्लो झालाय, हँग होतो' अशा तक्रारी असलेले काही संगणक नुसते साफ करून, रॅमच्या पट्ट्यांची टोकं खोडरबराने पुसून ताळ्यावर येतात. हे मी विनोदाने म्हणत नाही, खोडरबर जवळ ठेवाच. उघडलेल्या डब्यात कपॅसिटर फुगलेले दिसले, किंवा खाचांभोवती हिरवट गंज दिसला, तर प्रोसेसर कितीही नवा असो, त्या यंत्रावर पैसे घालू नका. लॅन पोर्टचे दिवे बघा. मे आणि ऑक्टोबरच्या विजांनी जळालेलं पोर्ट आणि त्यावर उपाय म्हणून मागे खोचलेला यूएसबीचा वायफाय तुकडा ठिकठिकाणी दिसेल. तिथे आधी अर्थिंग तपासा, नाहीतर नवा संगणकही त्याच वाटेने जाईल. यूपीएसही याच फेरीत. सगळ्यांची कामं सेव्ह करून घ्या, प्लग काढा, घड्याळ लावा. तीन मिनिटं टिकला नाही तर बॅटरी संपली.

आणि वापरणाऱ्याशी बोला. सकाळी चालू केल्यावर काम सुरू करायला किती मिनिटं लागतात? हा एकच प्रश्न पुरतो. पाच मिनिटांहून जास्त असं उत्तर आलं आणि यादीत जुनी फिरती हार्ड डिस्क दिसली, तर एसएसडी बसवल्यावर त्या माणसाला संगणक नवा आणलाय असं वाटेल. रॅमचं मात्र काम बघून ठरवा. काउंटरवर एकच प्रोग्राम चालतो तिथे ८ जीबी पुष्कळ झाली. तुम्ही स्वतः एक्सेलच्या सहा फाइली आणि ब्राउझर उघडे ठेवून बसत असाल तर १६ मागून घ्या, संकोच नको.

एवढं झालं की प्रत्येक ओळीपुढे एक शब्द लिहा: ठेवा, दुरुस्त करा, वाढवा, बदला, काढा. आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांवर एसएसडी-रॅमचा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करा. एच६१, एच८१ अशा जुन्या मदरबोर्डाची यंत्रं कितीही सजवली तरी विंडोज ११च्या दारात अडणारच. यंदा पैसे पुरत नसतील तर संस्थांसाठी विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट विकत मिळतात. पहिल्या वर्षाला दर यंत्रामागे ६१ डॉलर, आणि ही रक्कम दरवर्षी दुप्पट होते, जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिलं वर्ष चुकवून दुसऱ्या वर्षी आलात तरी पहिल्याचे पैसे द्यावे लागतात. चार-पाच अडलेल्या यंत्रांसाठी ठीक, साठांसाठी नाही.

मंडळात कोणीतरी 'चांगली चालणारी यंत्रं फुकट घालवायची का' म्हणेलच. त्यांना खातेवही दाखवा. आयकराच्या नियमाने संगणकाचा घसारा ४० टक्के. ४०,००० रुपयांच्या यंत्राची किंमत पाच वर्षांनी पुस्तकात ३,११० रुपये उरते.

बदलाबदल पावसाच्या तोंडावर किंवा मार्चअखेर धरू नका. चवथीनंतरचे दोन-तीन आठवडे बरे. आधी साखळी, कारण तिथे यंत्रं कमी आणि काही बिघडलं तरी फोंड्याहून निभावता येतं.

काढलेल्या यंत्रांच्या डिस्का मात्र भंगारवाल्याच्या टेम्पोत चढू देऊ नका. त्यावर सभासदांची आधार-पॅनची कागदपत्रं आहेत. डिस्का आधी काढून घ्या, फिरत्या डिस्का पूर्ण पुसा, एसएसडी त्यांच्या 'सिक्युअर इरेज'ने पुसा, चालू न होणाऱ्या फोडा. बाकीचा सांगाडा ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्या आणि पावती घ्या. त्या पावतीवरचा आकडा, काढून घेतलेल्या डिस्कांचा आकडा आणि तुमच्या यादीतल्या 'काढा' शब्दांचा आकडा जुळला की मगच नोंदवहीत त्या ओळींवर लाल रेघ मारा.